पाषाणची रायफल

नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे निघालात तर धावणारी पोरं भेटतात. नामपूरच्या शिवारातही तेच. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला सैन्यात. धावून झाल्यावर चहाच्या टपरीवर गप्पा रंगतात आणि त्यात एक वाद ठरलेला: एके-47 भारी की आपली इन्सास? मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून प्रत्येकाचं उत्तर तयार असतं. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका नानांना पोरांनी हेच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तू उभा कुठं राहणार आहेस, ते आधी सांग. जंगलात, बर्फात का वाळवंटात?"

रायफलींची तुलना करायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. आणि इन्सासचं नशीब समजून घ्यायलाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

इन्सासचा जन्म पुण्यातला. पाषाणला आयुध संशोधन आणि विकास आस्थापना आहे. सगळे तिला एआरडीई म्हणतात. पिनाक रॉकेट प्रणाली जिथं आकाराला आली, तीच ही संस्था. 1980 च्या दशकात तिथल्या अभियंत्यांनी भारतीय सैन्यासाठी नवी रायफल आखायला घेतली. तोवर जवानाच्या खांद्यावर एसएलआर होती. बेल्जियन घराण्यातली, लांब, दणकट, 7.62 बाय 51 मिलिमीटरचं काडतूस झाडणारी. तिची गोळी लांबवर जोरात जायची, पण खांद्याला धक्काही तसाच बसायचा. भरतीतल्या नव्या पोरांचे खांदे काळेनिळे व्हायचे.

नव्या रायफलीसाठी 5.56 मिलिमीटरचं लहान काडतूस निवडलं गेलं. या निवडीमागे साधा हिशेब होता. एसएलआरचं एक काडतूस साधारण 24 ग्रॅमचं, 5.56 चं त्याच्या निम्म्याचं. म्हणजे तेवढ्याच वजनात जवान दुप्पट गोळ्या नेऊ शकतो. धक्का कमी, त्यामुळे दुसरी गोळीही नेमावर राहते. गोळी सेकंदाला 900 मीटरच्या आसपास वेगाने सुटते, म्हणून तिचा मार्ग बराच सरळ राहतो.

रायफल उघडून बघितली की तिचं कूळ कळतं. मॅगझिन काढायचं, कॉक करून चेंबर रिकामं असल्याची खात्री करायची, वरचं झाकण उचलायचं. आत लांब पिस्टन आणि फिरणारा बोल्ट दिसतो, ही एके-47 ची पद्धत. पुढं वायूचा दाब कमीजास्त करायची सोय आहे, ती एसएलआरच्या वळणाची. कॉक करायचा दांडा डाव्या बाजूला, म्हणजे उजवा हात चापावरून हलवायला नको. मॅगझिन अर्धपारदर्शक, 20 गोळ्यांचं. किती गोळ्या उरल्या ते नजरेने कळतं. मुठीजवळचा खटका एकेरी फायर किंवा तीन गोळ्यांचा बर्स्ट एवढंच देतो. पूर्ण स्वयंचलित फायर मुद्दामच ठेवलेलं नाही, कारण घाबरलेल्या माणसाच्या हातून मॅगझिन दोन-तीन सेकंदांत रिकामं होतं.

या आखणीत मला तरी काही चुकीचं दिसत नाही. चांगल्या गोष्टी जिथं सापडल्या तिथून घ्याव्यात आणि आपल्या गरजेप्रमाणे बसवाव्यात, हे शहाणपणच आहे. रेंजवर ती नेम चांगला धरते, चारशे मीटरपर्यंत ती भरवशाची मानली जायची. 1998 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती देशाने पाहिली.

पुढच्याच वर्षी कारगिल झालं. सोळा-सतरा हजार फुटांवरची थंडी, दगडांवरून सरपटत चढाई, आणि हातात सैन्यात नुकतीच रुळू लागलेली रायफल. प्लॅस्टिकची मॅगझिनं गारठ्याने तडकू लागली. रायफली अडकल्याच्या तक्रारी आल्या. बर्स्टवर ठेवलेली रायफल तीन गोळ्यांवर न थांबता सुटत राहायची. फायर करताना तेलाचे थेंब मागे उडून डोळ्यांत जायचे, हीसुद्धा तक्रार होती. वाचायला ती किरकोळ वाटेल, पण शत्रूच्या मोर्चासमोर डोळा मिटण्याची किंमत काय असते, हे तिथल्या माणसालाच ठाऊक.

इथं दोष कशाचा होता ते नीट वेगळं काढायला हवं. मॅगझिन तडकलं, त्यात प्लॅस्टिकचा दोष आहे. सुटे भाग नीट बसत नाहीत, त्यात कारखान्यातल्या कामाचा आणि तपासणीचा आहे. बर्फात वागवायची रायफल बर्फात पुरेशी घासून पाहिली नाही, तो निर्णय घेणाऱ्यांचा आहे. आखणीवर सगळं खापर फोडून पाषाणच्या अभियंत्यांना मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं.

अमेरिकेच्या एम-16 ची गोष्ट इथं आठवावी. तीही व्हिएतनाममध्ये अशीच बदनाम झाली. काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि सैनिकांना साफसफाईचं पुरेसं सामानही दिलं नव्हतं. अडकलेल्या रायफली हातात घेऊन माणसं मेली. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली, दोष दूर झाले, आणि त्याच घराण्यातली रायफल पुढं अर्धशतक चालली. इन्सासमध्येही सुधारणा झाल्या, पण जवानाचा भरवसा आधीच उडाला होता. 2005 मध्ये कालिकोट इथं माओवाद्यांच्या हल्ल्यात नेपाळच्या सैन्याची मोठी हानी झाली, तेव्हा त्यांनीही या रायफलीवर बोट ठेवलं. लांबलेल्या चकमकीत ती तापून अडकली, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढा वेळ सतत मारा करणं हे रायफलीचं कामच नाही, असं उत्तर भारताकडून गेलं. उत्तरात तथ्य आहे, पण मेलेल्यांच्या सोबत्यांना ते कसं पटावं?

आता एके. तिचं मोठेपण तिच्या ढिलाईत आहे. आतले भाग मोकळे बसवलेले, पिस्टन जड, दाब भरपूर. बैलगाडीच्या आसात धूळ गेली तरी चाक फिरत राहतं, तशी ती चिखल-वाळू रेटून चालत राहते. 7.62 बाय 39 ची गोळी झाडोऱ्यातून आरपार जाते. दोष असा की गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 715 मीटरच, त्यामुळे तीनशे मीटरच्या पुढं ती झपाट्याने खाली येऊ लागते, आणि सलग फायरमध्ये नळी वर उचलली जाते. गडचिरोलीच्या जंगलात यातलं काहीच फारसं आड येत नाही, कारण तिथं शत्रू बहुतेकदा शंभर मीटरच्या आतच दिसतो. नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या पोलिसांच्या सी-60 पथकाचे जवान एके बाळगतात, ते उगाच नाही.

पण कुणालाही सहज चालवता यावी असं हत्यार सैनिकाच्याच हातात राहत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबच्या हातात एके होती. साताऱ्याच्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे फक्त लाठी. त्यांनी दोन्ही हातांनी ती नळी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. रायफलींच्या तुलनेत त्यांचं नाव कुठल्या रकान्यात बसत नाही, तरी मी ते घेतल्यावाचून राहणार नाही.

सैन्य पुढं पुन्हा मोठ्या काडतुसाकडं वळलं. 2019 मध्ये अमेरिकी सिग-716 रायफली मागवल्या, 72,400. काडतूस तेच, एसएलआरचं 7.62 बाय 51. नियंत्रण रेषेवर पाचशे मीटरवरचा घुसखोर एका गोळीत पडला पाहिजे, ही गरज. मोबदल्यात वजन वाढलं, धक्का वाढला, आणि जवानाजवळच्या गोळ्या कमी झाल्या. त्याशिवाय उत्तर प्रदेशात कोरवा इथं एके-203 बनते आहे. तिचा करार 6 लाखांहून जास्त रायफलींचा आहे.

या सगळ्या वादात काडतुसाकडं कुणाचं लक्ष जात नाही. मालेगाव, धुळे, जळगाव करत भुसावळच्या पुढं गेलं की वरणगाव लागतं. चीनच्या युद्धानंतर, 1964 मध्ये, इथं आयुध निर्माणी उभी राहिली. इन्सासचं 5.56 चं काडतूस इथं तयार होतं. पितळेची पुंगळी, तळाला प्रायमर, आत दारू, तोंडाला गोळी. दारूचं प्रमाण किंवा पुंगळीचं माप जरा चुकलं की जगातली उत्तम रायफलही अडकते. चकमकीतल्या जवानाचा जीव खानदेशातल्या कामगाराच्या हातावर अवलंबून असतो, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

पाषाणने हात टेकलेले नाहीत. जानेवारी 2024 मध्ये एआरडीईने हैदराबादच्या द्वीपा आर्मर या कंपनीबरोबर 'उग्रम' ही नवी रायफल पुढं आणली: 7.62 बाय 51, वजन चार किलोच्या आत, पल्ला पाचशे मीटर. शंभर दिवसांच्या आत ती घडवली गेली. हा वेग कौतुकाचा आहे, पण चाचणीतही हीच घाई नको. द्रासच्या हिवाळ्यात, राजस्थानच्या वाळूत आणि गडचिरोलीच्या पावसात ती साध्या शिपायांच्या हाती द्यावी, सोबत नेहमीचं तेल आणि नेहमीची चिंधी द्यावी, आणि त्यांची तक्रारवही पाषाणच्या टेबलावर पोचल्यावरच कारखान्यात पहिली ऑर्डर जावी.