अशक्तपणाचे माप

बाजारात धान मोजून घेताना माप खरे आहे की नाही, हे आपण आधी पाहतो. मापच खोटे असेल तर मोजणाऱ्याच्या सचोटीचा काय उपयोग? रोग्याचा अशक्तपणा मोजण्याच्या मापासही हाच न्याय लागू आहे.

मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा एक विकार आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायू जेथे घेतो, त्या जागेवरच शरीरातील संरक्षक द्रव्ये चुकून हल्ला करतात. त्यामुळे स्नायू वापरावा तसतसा थकतो व विसाव्याने पुन्हा सावरतो. सकाळी ठीक दिसणाऱ्या बाईच्या पापण्या सायंकाळी मिटू लागतात. जेवताना जबडा थकतो. घरची माणसे कित्येकदा यास आळस समजतात. विसावा घेऊन दवाखान्यात गेलेला रोगी डॉक्टरांनाही बरा दिसू शकतो. म्हणून त्याचा दिवस घरी कसा जातो, हे विचारणे अगत्याचे ठरते.

यासाठी अमेरिकेतील डॉ. वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली आठ प्रश्नांची एक पट्टी प्रसिद्ध केली. बोलणे, चावणे, गिळणे, श्वास, दात घासणे वा केस विंचरणे, खुर्चीवरून उठणे, एकाचे दोन दिसणे आणि पापणी पडणे, हे ते आठ विषय. प्रत्येकास ० ते ३ गुण. बेरीज ० ते २४. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक.

अशी पट्टी खरी कशी ठरवितात? कसोट्या मुख्यतः तीन. डॉक्टरांनी स्वतः केलेल्या शक्तिपरीक्षेशी तिचे उत्तर जुळावे. प्रकृतीत फरक नसता थोड्या दिवसांनी पुन्हा विचारल्यास गुण तेच यावेत. आणि रोगी सुधारला तर गुण उतरावेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ गुणांची उतार ही खऱ्या सुधारणेची खूण मानली गेली.

परंतु परभाषेतील पट्टी आपल्या बोलीत उतरविली म्हणजे काम संपले, असे नव्हे. आपल्या बालाघाट जिल्ह्यात मराठी, हिंदी, पवारी, गोंडी बोलणारी कुटुंबे शेजारी नांदतात. मऊ भात खाणाऱ्यास चावण्याचा थकवा जाणवणार नाही. तोच भाकरी खाताना जाणवेल. जमिनीवर बसणाऱ्या घरात खुर्चीचा प्रश्न अपुरा पडतो. पण खुर्चीऐवजी जमीन घातली, तर निरोगी म्हाताराही हात टेकूनच उठतो व त्यास विनाकारण गुण मिळतो! म्हणून भाषांतर झाल्यावर दुसऱ्याकडून ते मूळ भाषेत उलट करवून ताडून पाहतात, रोग्यांना वाचून दाखवून त्यांना काय समजले ते विचारतात आणि तिन्ही कसोट्या पुन्हा लावतात. औषध वाढवावे की कमी करावे, हे ठरविताना या गुणांचा आधार घेतला जातो. तेव्हा ही खटपट पोकळ नव्हे.

घरच्यांनी काय करावे? कोणते काम, किती वाजता, किती वेळाने जड गेले, हे वहीत टिपून डॉक्टरांस दाखवावे. मात्र श्वास लागला किंवा घास, पाणी गिळेनासे झाले, तर गुण मोजीत बसू नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

माप खरे करणे हे विद्वानांचे काम. “संध्याकाळी माझा हात वर जात नाही,” असे कोणी म्हणाले, तर ते खरे मानून ऐकणे, हे मात्र आपले काम आहे.