गावाचे दुकान, गावाच्याच मालकीचे

इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड टेकड्यांत, ग्लॉस्टरशायर परगण्यात ब्लॉकली हे गाव वसले आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील ओढ्याच्या पाण्यावर रेशमाच्या गिरण्या चालत व कॉव्हेंट्रीच्या फीत-विणकरांना सूत पुरवीत. १८६० मध्ये परदेशी रेशमी मालावरील जकात उठली. कॉव्हेंट्रीचा धंदा बसला आणि पुढे गिरण्याही थंडावल्या. मधाच्या रंगाच्या दगडी इमारती मात्र टिकून आहेत.

परंतु केवळ जुन्या वास्तूंनी गाव नांदते राहत नाही. गावातील दुकान बंद पडले की, वाहन नसलेल्या वृद्धांना पाव-दुधासाठीही परगाव गाठावे लागते. म्हणूनच ब्लॉकलीत सामुदायिक मालकीचे दुकान उभे राहिले. ब्रिटनमध्ये अशी शेकडो दुकाने आहेत. सामान्यतः ग्रामस्थ भाग घेऊन भांडवल उभारतात. भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. पगारी व्यवस्थापकाच्या जोडीला स्वयंसेवक काम करतात. लोकहितार्थ सोसायटी म्हणून नोंदलेल्या दुकानाचा नफा सभासदांत वाटला जात नाही; तो गावाच्या उपयोगी आणला जातो. सर होरेस प्लंकेट यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली संस्था अशा दुकानांना मार्गदर्शन करते.

तथापि, भाग घेतल्याने दुकान उघडते. ते चालते मात्र सभासदांनी रोजचा बाजार तेथेच केला तरच.