अर्ध्या गुंठ्यातले स्वराज्य

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. लग्न मी वेळेवर करून पाहिले. घर बांधून पाहण्याची ऐपत नव्हती, म्हणून ते विकत घेऊन पाहिले, आणि तेही वयाची छत्तिशी उलटल्यावर. ज्यांना वडिलोपार्जित वाडा आहे त्यांना हे उशिराचे वाटेल; पण ज्यांनी दहा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवले आहे, त्यांना लवकरचे वाटेल. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला विद्यार्थी ‘सर’ म्हणतात, पण बँक कर्ज देत नाही. कायम नेमणुकीचा कागद हाती आला आणि मगच बँकेतल्या साहेबांनी मला खुर्ची दिली.

लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे वाढलो. त्यामुळे घर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे मोठे घर येई. खारघरच्या बाजूला चौदाव्या मजल्यावरची एक सदनिका मी मनाने घेऊनही टाकली होती. दोन शयनगृहे, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा! मला पोहता येत नाही आणि व्यायाम मी शाळेनंतर केलेला नाही, ही गोष्ट त्या रंगीत पुस्तिकेपुढे गौण वाटत होती.

आमच्या सौ. एका खाजगी कंपनीत हिशेबाचे काम पाहत. त्यांनी चिरंजीवांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि मला एकच प्रश्न विचारला, “आपल्यापैकी एकाची नोकरी गेली, तर या घरात आपण किती महिने राहू शकू?”

हिशेब केला. उत्तर आले, तीन.

“आणि बेलापूरचं ते जुनं घर?”

त्या घराचा हप्ता एका पगारात, ओढाताणीने का होईना, भागत होता. मी चौदाव्या मजल्यावरून खाली उतरलो तो असा.

सात घरांचे अंगण

बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये, पारसिकच्या डोंगराच्या कुशीत ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ नावाची वसाहत आहे. लोक तिला कलाग्रामही म्हणतात. नवी मुंबई कशी वसली, हे ठाऊक असल्याशिवाय या वसाहतीचे मर्म कळायचे नाही.

मुंबईला श्वास घ्यायला जागा उरली नाही, तेव्हा १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी, खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १९७० च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल धावू लागली आणि आमच्यासारख्यांची बिऱ्हाडे खाडी ओलांडू लागली.

त्या तिघांतले कोरिया यांनीच ही वसाहत १९८३ ते ८६ च्या सुमारास आखली. साध्या मिळकतीच्या माणसालाही जमिनीवरचे घर, डोक्यावर स्वतःचे छप्पर आणि दारात अंगण मिळावे, हा त्यांचा हट्ट. भूखंड पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे. सात घरांच्या मध्ये आठ बाय आठ मीटरचे एक सामाईक अंगण. अशा तीन घोळक्यांच्या मध्ये बारा बाय बाराचे आणखी एक. भिंतीला भिंत लागलेली नाही, त्यामुळे गाठीला पैसा जमेल तसे ज्याने त्याने आपले घर वाढवावे. लोकांनी ते इतके मनावर घेतले, की मूळच्या बैठ्या घरांच्या जागी आज पुष्कळ ठिकाणी दुमजली-तिमजली इमारती उभ्या आहेत.

आमच्या वाट्याला आले ते न वाढवलेले, उतरत्या छपराचे, सर्वांत लहान जातीचे घर. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, सौ.च्या पाटल्या आणि आमची काटकसर एका बाजूला, आणि बँकेचे कर्ज दुसऱ्या बाजूला. एकूण आकडा इथे देत नाही. दिवाळी अंक सासुरवाडीलाही जातो. २०१५ साली आम्ही राहायला आलो. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कोरिया निवर्तले. ज्याने घर आखले त्याला एक पत्र लिहावे असे मनात होते, ते राहूनच गेले.

हप्त्याचे गणित

तरुण वाचकांसाठी दोन शब्द. कर्ज म्हणजे काय, हे मला मराठीचा प्राध्यापक असूनही गणिताने शिकवले. समजा, तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे सव्वीस हजार रुपये. वीस वर्षांत भरणा होतो बासष्ट लाखांच्या वर. म्हणजे एक घर आपण आपल्यासाठी घेतो आणि एक बँकेसाठी!

पण याला उतारा आहे. वर्षाकाठी एक हप्ता जादा भरत गेले, तर हेच कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटते. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले म्हणून दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बजावले आहे. आमच्याकडे उत्तरपत्रिका तपासण्याचे मानधन, परीक्षेच्या देखरेखीचे पैसे आणि सासूबाईंनी दिलेली ओवाळणी, सारे त्या जादा हप्त्यात जाई. दिवाळीला नवे कपडे मुलांना; आम्हा दोघांना बँकेची पावती.

स्वयंपूर्णतेचे खूळ

हातात अंगण आले आणि डोक्यात खूळ शिरले. वाचनाचा हा दोष आहे. १९५० च्या सुमारास विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. पैशावाचून, स्वतःच्या कष्टांवर जगायचे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून दाखवून दिले, की नीट जोपासले तर दहा गुंठ्यांवर एक कुटुंब सुखाने नांदू शकते. गणिताच्या प्राध्यापकाला जमते ते मराठीच्या प्राध्यापकाला का जमू नये?

फरक एवढाच, की आमचा सबंध भूखंड अर्धा गुंठासुद्धा भरत नव्हता, आणि त्यावर घरही उभे होते.

तरी आरंभ केला. पहिले पाणी. आमच्या छपराचे क्षेत्र सुमारे पंचवीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस सहज पडतो. बावीसशे धरला तर पंचावन्न हजार लिटर! मी आनंदाने सौ.ना सांगितले. त्यांनी वही काढली. माणशी रोज एकशे पस्तीस लिटर, माणसे चार. म्हणजे सबंध पावसाचे पाणी जेमतेम शंभर दिवसांचे. आणि ते साठवायचे तर तीन मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच अशा दोन खोल्या काठोकाठ भराव्या लागतील. आपण मग राहायचे कुठे? शेवटी पन्हळीखाली दोन पिंपे ठेवली आणि उरलेले पाणी शोषखड्ड्यात सोडले. पिण्याला पाणी येते ते खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे. आमच्या महापालिकेचे स्वतःचे धरण आहे, एवढ्या अभिमानावर मी समाधान मानले.

मग वीज. २०२४ मध्ये केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. एका किलोवॉटला तीस हजारांचे अनुदान. दहा चौरस मीटर छपरावर तेवढ्या पट्ट्या बसल्या. महिन्याला शंभरावर युनिट वीज होते आणि बिल पाहून आता पूर्वीसारखी धडकी भरत नाही. पण बसवल्यानंतर चौथ्याच दिवशी, भर दुपारी, लख्ख उन्हात वीज गेली आणि आमचाही पंखा बंद! तारेवर काम करणाऱ्या माणसाला आमच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून बाहेरची वीज गेली की ही यंत्रणाही आपोआप थांबते, असे बसवणाऱ्याने समजावून सांगितले. “तुम्ही एकटे नाही सर, तारेला जोडलेले आहात,” तो म्हणाला. तो विजेबद्दल बोलत होता.

आजीची शाळा

राहिली भाजी. पहिल्या वर्षी मी पुस्तकात वाचून मिरची, टोमॅटो, वांगी, पालक, सारे एकदम लावले. मिरचीवर मावा पडला, टोमॅटो माकडांनी नेले आणि वांग्यांच्या मुळाशी घुशीने बीळ केले. हाताला लागली तीन वांगी. त्या तीन वांग्यांचे भरीत सौ.नी पाहुण्यांना बोलावून वाढले आणि प्रत्येक घासाची किंमतही सांगितली.

जवळच्या गावठाणातल्या एक आगरी आजी आमच्या अंगणात भाजी विकायला येत. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळे आणि त्यांची खाज मारायला काकडे, मग टाकळा, कुर्डू, पुढे घरची चवळी. एके सकाळी मी झारी घेऊन उभा होतो. आजी थांबल्या.

“मास्तर, झाराला एवरा पानी नको. बुरून मरल.”

त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. मोरीच्या पाण्यावर अळू लावावा, तो कुणाला मागत नाही. कुंपणाशी शेवगा. चुलीची राख मिळाली तर पानांवर टाकावी. ओला कचरा आणि अंगणातला पाला एकावर एक थर देऊन कुजवावा. वास आला तर पाला कमी पडला असे समजावे. मी पुस्तकातून काढलेली टिपणे हळूहळू बाजूला ठेवली.

एकदा चहा घेता घेता मी सहज विचारले, “आजी, तुमची शेती किती होती?”

आजींनी बोटाने रेल्वेच्या बाजूला दाखवले. “ती सगली आमची भाताची खाचरां. भात घरचा, मीठ घरचा, मासली खारीतली. बाजारातशी आनाचा त कापर न गूल.”

मी कप खाली ठेवला. ज्या स्वयंपूर्णतेसाठी मी पुस्तके वाचत होतो, पिंपे मांडत होतो, ती या बाईने लग्न होऊन आली तेव्हा नांदवलेली होती. खारे पाणी अडवणारे बांध, खाजणातले भात, मिठागरे, खाडीतली मासळी. अशा पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभे आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले ते त्या रक्तातून. हे मी वर्गात कधी शिकवले नव्हते. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

“तुजा घर त तुजा हाय ना?” आजींनी विचारले.

घर आमचे, पण आम्ही घेतले तेव्हा जमीन सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची होती, हे मी समजावून सांगितले. आजी खळखळून हसल्या. “म्हंजे तूबी भारेकरीच, मास्तर!”

त्या हसण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

वहीच्या मागचे पान

मग २०२० साल उजाडले. जूनमध्ये सौ.च्या कंपनीने माणसे कमी केली. त्यांत त्या होत्या. ज्या रात्री हे कळले, त्या रात्री आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने सौ. उठल्या, कपाटातून ती जुनी वही आणली आणि मागचे पान उघडून माझ्यापुढे धरले. ‘तीन महिने’ ही अक्षरे शाईने खोडलेली होती. शेजारच्या रकान्यात लिहिले होते, ‘एका पगारात भागते.’

त्या वर्षी एकही हप्ता चुकला नाही. जादा हप्ता मात्र भरता आला नाही. मे महिन्यात वाशीची बाजार समिती काही दिवस बंद ठेवावी लागली होती, तेव्हा अंगणातल्या सात घरांनी आपापले जे होते ते मध्ये आणून ठेवले. आमचा अळू आणि चवळी, कोणाची कढीलिंबाची डहाळी, कोणाकडचे पीठ, कोणाकडची डाळ. आजी दोन महिने आल्या नाहीत. त्या आल्या तेव्हा चिरंजीवांनी त्यांच्या टोपलीत आमच्याकडची मिरची घातली. आजींनी ती निरखून पाहिली आणि म्हणाल्या, “बरी झाली.” विद्यापीठाच्या पदवीपेक्षा मला ते प्रमाणपत्र मोठे वाटले. पुढे सौ.नी घरूनच लहान दुकानदारांचे हिशेब लिहायला घेतले. ते काम अजून चालू आहे.

कोणी विचारील, आज तुम्ही स्वयंपूर्ण झालात का? वही सांगते, नाही. भाजीच्या खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा अंगणातून निघतो. पाणी धरणाचे, रात्रीची वीज महावितरणची, तांदूळ वाण्याचा. पण कचरा दाराबाहेर जात नाही आणि कर्जाची शेवटची तारीख चार वर्षे अलीकडे आली आहे. आपले कोणाकोणावाचून अडते, हे आता नावानिशी माहीत आहे. पूर्वी तेही नव्हते.

गेल्या श्रावणात कुजवणीच्या ढिगातून एक वेल आपोआप वर आला. मी काही त्याला लावले नव्हते. बारीक पाने, पिवळी फुले, मग हिरवी लहान फळे. मी काकडी समजून एक चावून पाहिले आणि दिवसभर तोंड कडू झाले. आजींना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “कारीट हाय रं! दिवालीला लागल.”

नरकचतुर्दशीच्या पहाटे, पहिल्या आंघोळीच्या आधी, अंगणातल्या सातही घरांच्या तुळशीपुढे आमच्या वेलाचे एकेक कारीट ठेवले होते. बाजारातून एकही आणावे लागले नाही. आठवे आदल्या संध्याकाळी चिरंजीव सायकलवरून गावठाणात, आजींच्या घरी पोचवून आले होते.

तेवढ्या एका पिकात आम्ही पूर्ण स्वयंपूर्ण आहोत. ते डाव्या अंगठ्याखाली चिरडायचे असते, हा भाग निराळा.