गाठ दिसते, हाड दिसत नाही

सकाळी साडेआठ. जत, अथणी, जमखंडीकडची माणसं मिरजेत पोचेपर्यंत कालचे रिपोर्ट बघून घेते. एका मुलीच्या थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच अगदी तळाला आणि टी-४ वर, म्हणजे थायरॉईड जास्त. पण केसपेपरवर नाडी शांत, वजन स्थिर. फोन केला, तर केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या. काही यंत्रांच्या मोजणीत बायोटिन ढवळाढवळ करतं. गोळी बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. थायरॉईड कमी करायचं औषध तिला आज सुरू झालं असतं, तर फुकट त्रास झाला असता.

साडेनऊ. चक्कर येते म्हणून एका बाईंच्या मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आणि त्यात थायरॉईडमध्ये ८ मिलिमीटरची गाठ सापडली. बाईंबरोबर नवरा, दीर, सासू सगळेच आलेत. सासूबाई विचारतात, “डॉक्टर, कॅन्सरची तर न्हाई न्हवं?”

सोनोग्राफी मी पुन्हा स्वतः बघते. गाठ घट्ट आहे की पाणथळ, आजूबाजूपेक्षा किती काळी दिसते, रुंदीपेक्षा उंच आहे का, कडा कशा आहेत, आत बारीक पांढरे ठिपके आहेत का, या पाच गोष्टींना गुण देऊन संशय ठरवायची ‘टाय-रॅड्स’ ही पद्धत आहे. या गाठीत निम्मं पाणी आहे आणि कडा गुळगुळीत आहेत. अगदी संशयास्पद गाठीलाही या पद्धतीत साधारण १ सेंटिमीटरच्या पुढेच सुईनं पेशी काढून तपासतात. थायरॉईडच्या शंभर गाठींतल्या पाच ते दहाच कॅन्सरच्या निघतात.

सुई नको म्हटल्यावर घरच्यांना बरं वाटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. “काढूनच टाका की” असा आग्रह सुरू होतो. मग मी कोरियाची गोष्ट सांगते. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी मोहिमेच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं, आणि या कॅन्सरनं होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी निघाल्या आणि जन्मभराची गोळी मागे लागली. दिसलं म्हणून कापायचं नसतं, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. बाईंना एका वर्षानं बोलावलं.

साडेअकरा. या गाठीला मात्र सुई हवीच. चाळिशीतले गृहस्थ, गाठ घट्ट, काळी, उभट, आत ठिपके. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं का, आवाज बसलाय का, हे विचारून झालं. मानेच्या बाजूच्या गाठीही चाचपल्या. सुई रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते. पडद्यावर तिचं टोक गाठीत शिरताना दिसतं. “आता गिळू नका.” पेशी काचेवर पसरल्या. अहवाल ‘बेथेस्डा’च्या सहा वर्गांपैकी एकात येईल. दुसरा वर्ग निर्धोक, सहावा कॅन्सरचा, आणि तिसऱ्या-चौथ्यात पेशंटइतकाच डॉक्टरचाही कस लागतो.

दुपारी दोन. आजी पाठदुखीसाठी आल्यात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्साच्या रिपोर्टवर कमरेचा टी-स्कोअर उणे १.४. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात, म्हणून घरचे निर्धास्त आहेत. मी उंची मोजायला लावते. सून म्हणते, “हल्ली यांचं लुगडं पायात येतं.” मला हेच ऐकायचं होतं: उंची घटलीय.

आकडा सोडून डेक्साचं चित्र बघितलं. उतारवयात मणक्यांना हाडाच्या चोची फुटतात, चेपलेला मणकाही दाट दिसतो, आणि यंत्र ते सगळं हाड म्हणून मोजतं. खुब्याचा आकडा उणे २.७ होता. बाजूनं काढलेल्या एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका चेपलेला. मोठा मार लागलेला नसताना मणका चेपला असेल तर आकडा काहीही असो, निदान तिथेच होतं. चार वर्षांपूर्वी अंगणात घसरून यांचं मनगट मोडलं होतं. तेव्हा प्लास्टर झालं, पण एवढ्याशा घसरण्यानं हाड का मोडलं हे कुणी विचारलं नाही. याची मला मनापासून चीड येते. गळ्यातल्या निरुपद्रवी गाठीसाठी अख्खं घर धावत येतं, आणि मोडलेलं मनगट “वय झालं” म्हणून विसरलं जातं.

औषधाआधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉईड, किडनी, टीएसएच आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरची तपासणी.

चार. तिशीतली शिवणकाम करणारी बाई. टी-स्कोअर उणे ३ च्याही खाली, म्हणून कुणीतरी ठिसूळ हाडांचं इंजेक्शन लिहून दिलंय. पण ती झुलत चालते, नडगी दाबली की कळवळते, ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच, अल्कलाइन फॉस्फेटेज खूप वर. ही हाडं मऊ पडलीत. डेक्साला ठिसूळ आणि मऊ यांतला फरक कळत नाही. ते इंजेक्शन आत्ता दिलं असतं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली गेलं असतं. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू केलं.

साडेपाच. शेवटच्या बाई साठीच्या. गळ्यात ३ सेंटिमीटरची गाठ, टीएसएच खाली, छातीत धडधड. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये ती गाठच तेवढी तापलेली दिसते, बाकी ग्रंथी झोपलेली. अशी गाठ क्वचितच कॅन्सरची असते, म्हणून सुई नाही. “मग घरी जाऊ?” त्या उठायला लागतात. जास्तीचं थायरॉईड हाडं झिजवतं, आणि यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत. गाठीवरच्या उपचाराच्या चिठ्ठीखाली मी डेक्साची चिठ्ठी जोडते आणि त्यांना परत बसवून घेते.