सहलीची करू या धम्मयात्रा

रविवार आला, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली, की मुले मागे लागतात, "आई, कुठे तरी ने ना!" मग राणीचा बाग, चौपाटी, गेट वे ऑफ इंडिया अशी ठरलेली ठिकाणे होतात. भेळ खाल्ली, फुगा घेतला, झाली सहल. यात वाईट काही नाही. आठवडाभर कारखान्यात, कचेरीत, लोकांच्या घरी राबणाऱ्या आईबापांना आणि दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या मुलांना मोकळी हवा हवीच. पण गेट वेहून परतताना ज्या मोठ्या घुमटाच्या इमारतीसमोरून आपली बस जाते, तिच्या आत आपले काय ठेवले आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

वस्त्यांमधून हा विषय काढला की उत्तरे ठरलेली येतात. "ते शिकलेल्या लोकांचे काम." "तिथे सगळे इंग्रजीत लिहिलेले असते." "आपल्याला बघून दारावरचा शिपाई काय म्हणेल?" पिढ्यान्पिढ्या ज्यांना दाराबाहेर उभे केले गेले, त्यांच्या पायांना मोठी दारे पाहून आपोआप थांबायची सवय लागते. ती सवय मोडायची वेळ आता आली आहे.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. आपल्या मुलांना शाळेत, कामाच्या ठिकाणी कधीतरी टोमणा ऐकावा लागतो, "तुमचा धर्म काय, १९५६ सालचा!" मूल गोंधळते, घरी येऊन गप्प बसते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण या मातीत धम्म त्याआधी दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे पुरावे मुंबईत व मुंबईच्या आसपास, लोकलच्या तिकिटात पोचता येईल अशा अंतरावर आहेत. टोमण्याला भांडून उत्तर देण्यापेक्षा मुलाचा हात धरून त्याला ते पुरावे दाखवावेत, असे आम्हांस वाटते.

दगडावरचा निरोप

सुरुवात त्या घुमटाच्या इमारतीपासूनच करू. जुनी माणसे तिला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात. १९०५ साली इंग्रज युवराजाच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १९२२ साली ती लोकांसाठी खुली झाली. आज तिचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आहे.

या संग्रहालयात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडे आहेत. दोन्ही सोपारा परिसरात मिळाले, एक १८८२ साली आणि दुसरा १९५६ साली भुईगावला. होय, आपल्या बौद्धांच्या इतिहासात अमर झालेल्या त्याच १९५६ साली! हे तुकडे लहान आहेत, अक्षरे ब्राह्मी आहेत. पण हाच मजकूर गिरनारसारख्या इतर ठिकाणी पूर्ण मिळतो, म्हणून त्याचा अर्थ आपल्याला कळतो.

पहिला तुकडा आठव्या लेखाचा. त्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना निघत, शिकार करीत, करमणूक करीत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमणांच्या भेटी, वृद्धांच्या भेटी व त्यांना मदत, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे, हे सारे येई. शिकारीपेक्षा यात आपल्याला अधिक आनंद मिळतो, असे तो राजा म्हणतो.

दुसरा तुकडा नवव्या लेखाचा, आणि तो तर आपल्या घराघरांत वाचला जावा असा आहे. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांतले बरेचसे क्षुल्लक असून त्यांचे फळ थोडे, असे अशोक सांगतो. मग खरे मंगल कोणते? दास आणि नोकरचाकर यांना नीट वागवणे, गुरुजनांचा आदर करणे, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे आणि दान करणे. निरर्थक विधींचा दोष राजाने आईबायकांच्या पदरी जास्त टाकला आहे. आमच्या भगिनींना ते पटणार नाही, आणि आम्हांलाही पटत नाही. नवस बोलणारे पुरुष आम्ही कमी पाहिलेले नाहीत! पण बावीस प्रतिज्ञा घेऊन कर्मकांड सोडणाऱ्या माणसाला हा निरोप परका वाटणार नाही.

फूल घेऊन आलेला उपासक

याच संग्रहालयात मीरपूरखासच्या मूर्ती आहेत. हे गाव सिंधमध्ये, आज पाकिस्तानात. तिथला विटांचा स्तूप १९०९-१० साली उकरला गेला आणि भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती मुंबईला आल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे काम. हिरा नाही, सोने नाही, विटेची आणि मडक्याची असते तशी माती. पण तथागतांच्या चेहऱ्यावरची शांती पाहावी!

बुद्धमूर्तींबरोबर एक उभा पुरुष आहे. त्याच्या हातात कमळ आहे. तो राजा होता की दानशूर उपासक, ते अभ्यासकांनी ठरवावे. आम्ही वस्तीतली काही मंडळी घेऊन गेलो होतो, त्यांत जन्मभर सफाईचे काम करून निवृत्त झालेल्या एक आजी होत्या. बाकीचे पुढे गेले तरी त्या या मूर्तीपाशीच उभ्या. म्हणाल्या, "ह्यो बी आपल्यावानीच फूल घेऊन वंदनेला आलाय की!" आम्ही पाटीवरचा मजकूर वाचून जे सांगणार होतो, त्यापेक्षा हे अधिक नेमके होते.

सोपाऱ्याची पेटी

अशोकाचे लेख जिथे मिळाले ते सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, प्राचीन काळचे मोठे बंदर. पालि वाङ्मयात सुनापरांत देशाच्या पुण्ण भिक्खूंची कथा आहे. परंपरेने ते सोपाऱ्याचे मानले जातात. आपल्या देशात धम्म सांगायला ते निघाले तेव्हा भगवंतांनी विचारले, तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिवीगाळ केली तर? पुण्ण म्हणाले, मारले तरी नाही, असे मी म्हणेन. आणि मारले तर? शस्त्र तरी उचलले नाही, असे म्हणेन. अशा तयारीचा माणूस पाहून भगवंतांनी त्यांना जायला सांगितले. मुलांना ही कथा स्तूपाच्या सावलीत बसून सांगावी.

हा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खोदला. त्याच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे एकात एक ठेवलेले करंडक होते. सोबत सोन्याची फुले, आठ लहान कांस्यमूर्ती आणि सातवाहन राजाचे चांदीचे नाणे. आणि अगदी आतल्या सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे! सोन्याने मातीचे रक्षण करावे, इतके मोल त्या पात्राला होते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे, टाऊन हॉलच्या इमारतीत जपलेल्या आहेत. त्या पाहायच्या असतील तर आधी सोसायटीकडे चौकशी करून जावे.

कान्हेरीचे दाते

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी अनेकांनी पाहिली आहे. पण "पाहिली" म्हणजे डबा खाल्ला, फोटो काढले, परत आलो. तिथे शंभरावर लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली आणि पुढे हजारभर वर्षे तिथे भिक्खुसंघाचा वावर राहिला. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठा चैत्य. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच बुद्ध उभे आहेत. लेण्यांच्या बाजूला पाण्याची टाकी पाहा. पावसाचे पाणी कातळातल्या पाटांनी टाक्यांत आणून वर्षभर पुरवायची ती सोय होती. ज्या समाजाला पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या मुलांनी ही टाकी जरूर पाहावीत.

भिंतींवरचे शिलालेख वाचता आले नाहीत तरी त्यांत काय आहे ते ऐकून ठेवा. ही लेणी, टाकी, वाटा, बाक कोणी दान दिले, त्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. त्यांत राजघराण्यातली माणसे आहेत, तसेच कल्याणचा लोहार आहे, सोनार आहे, सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, भिक्खू आणि भिक्खुणी आहेत. कोणी संपूर्ण लेणे दिले, कोणी एखादे टाके, कोणी नुसती वाट बांधून दिली. विहारासाठी दरमहा थोडी वर्गणी देणाऱ्या आपल्या मायबहिणींनी समजून घ्यावे, की त्या दोन हजार वर्षांच्या जुन्या रांगेतच उभ्या आहेत.

अंधेरी पूर्वेला कोंडिविटे लेणी आहेत, तीही बौद्धच. पण लोकांच्या तोंडी ती "महाकाली केव्हज". नाव बदलले म्हणजे माणसे आत काय आहे ते विसरतात. तिथल्या नवव्या लेण्यात कातळाच्या जाळीआडून गोल दालनातला स्तूप पाहिला, की आतले खरे नाव सांगायला पाटीची गरज उरत नाही.

भायखळा, दादर आणि काळा घोडा

राणीच्या बागेत प्राणी पाहायला जाताच, तर शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही पाऊल टाका. १८७२ साली उघडलेले हे संग्रहालय. मातीच्या छोट्या मूर्तींतून जुन्या मुंबईतली माणसे, त्यांचे पेहराव आणि धंदे तिथे दाखवले आहेत. मुलांना विचारा, हे शहर कोणाच्या हातांनी उभे राहिले? ज्यांचे नाव या वास्तूला आहे ते भाऊ दाजी डॉक्टर होते आणि प्राचीन लेखांचे अभ्यासकही. सोपाऱ्याचा स्तूप खोदणारे भगवानलाल तरुणपणी त्यांच्यासाठीच शिलालेखांचे ठसे घेत देशभर फिरले. एका माणसाने दुसऱ्याच्या हाती विद्या दिली, म्हणून आपला इतिहास मातीबाहेर आला.

दादरला चैत्यभूमीवर आपण जातोच. तिथून हिंदू कॉलनीतले "राजगृह" दूर नाही. बाबासाहेबांनी हे घर मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी बांधले. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रे आहेत. तिथे गेल्यावर मुलांना "हा चष्मा, ही खुर्ची" एवढेच दाखवू नका. एका माणसाने पुस्तकांसाठी घर बांधले, हे सांगा. आणि घरी आल्यावर मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी एक फळी तरी भिंतीला ठोका.

आणि काळ्या घोड्याला, संग्रहालयाच्या अगदी लगत, जहांगीर आर्ट गॅलरी आहे. १९५२ सालची. आत जायला तिकीट नाही. चित्रे कळत नाहीत म्हणून घाबरू नये. पुष्कळदा स्वतः चित्रकारच तिथे बसलेले असतात. मुलाला सरळ विचारू द्या, "हे तुम्ही असे का काढले?" कोणी सांगावे, आपल्याच चाळीतल्या एखाद्या पोरीच्या हाती उद्या ब्रश येईल.

जाताना लक्षात ठेवा

एका दिवसात सगळे पाहायचा हट्ट धरू नका. एक रविवार एका ठिकाणासाठी. राष्ट्रीय उद्यान सोमवारी आणि भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी बंद असते. बाकी ठिकाणच्या वेळा व तिकिटाचे दर आधी विचारून घ्यावेत. कान्हेरीला पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागत नाही. पाटी इंग्रजीत असली, तर ती वाचून सर्वांना सांगायचे काम घरातल्या शिकत्या मुलीकडे द्या. तिचा धीटपणा वाढेल. प्रत्येक मुलाच्या हाती छोटी वही द्यावी आणि तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात: काय पाहिले, ते कोणी केले, आणि आपल्याला काय आवडले.

एक गोष्ट थोडी कडू वाटेल, पण बोलायलाच हवी. लेण्यांत मेणबत्त्या-अगरबत्त्या लावू नयेत. त्यांच्या काजळीने आणि तेलकट धुराने दगड काळवंडतो, उरलासुरला रंग जातो. मूर्तींना हात लावू नये, भिंतीवर नाव लिहू नये. "जय भीम" सुद्धा लिहू नये. ज्यांनी ही लेणी विद्रूप केली त्यांना आपण दोष देतो, मग आपल्या हातून तेच कसे घडावे? त्रिसरण-पंचशील मनापासून म्हणा, हात जोडा, पाच मिनिटे डोळे मिटून बसा. तीच तिथली खरी पूजा.

शेवटी एवढेच. हा वारसा आपल्याला जन्माने मिळालेला नाही, बाबासाहेबांनी दिलेल्या दीक्षेने मिळाला आहे. जन्माने मिळालेले न पाहताही आपलेच राहते. दीक्षेने मिळालेले मात्र जाऊन पाहावे लागते, समजून घ्यावे लागते, मुलांच्या हाती सोपवावे लागते. तेव्हा येत्या सुटीत शेजारच्या दोन कुटुंबांना बरोबर घ्या, वस्तीतल्या एखाद्या वृद्ध आजी-आजोबांनाही घ्या, भाजी-भाकरी बांधा आणि निघा. परत आल्यावर विहारात बसून मुलांनी आपापल्या वह्या वाचून दाखवाव्यात. मग पुढच्या वेळी कोणी "तुमचा धर्म कधीचा?" असे विचारले, तर उत्तर मुलेच देतील.

जय भीम!