बरडीचे गवत आणि हवेचा हिशेब
पवनीच्या परिसरात वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची बांधी आणि बरडीवरचे, म्हणजे मुरमाड माळावरचे, गवत शेजारी नांदतात, पण हवेशी त्यांचा व्यवहार उलटा असतो. रोवणीनंतर बांधीत पाणी तुंबते, मातीतला प्राणवायू संपतो आणि त्याच्याविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. तो धानाच्या खोडातल्या पोकळ्यांतून हवेत निघून जातो. बरडीची माती मुरमाड आणि निचऱ्याची, तिच्यात हवा खेळती राहते. तिथले मिथेनभक्षी जीवाणू हवेतलाच मिथेन घेऊन त्यावर जगतात. जगभरातील अशा मोकळ्या मातीत दरवर्षी सुमारे ३ कोटी टन मिथेन जिरतो.

आपल्याकडे चर्चा झाली ती बांधीचीच. भारतातील धानशेती वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या आसपास मिथेन सोडते, असा अंदाज परदेशी मोजमापांवरून बांधला गेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. अशेष प्रसाद मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभर प्रत्यक्ष मोजणी झाली आणि आकडा ४० लाख टनांच्या घरात आला. शेतात जाऊन मोजण्याचे मोल त्यातून सिद्ध झाले. बनारस हिंदू विद्यापीठात जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य पठारावरच्या कोरड्या मातीत मिथेन किती जिरतो हे मोजले. त्या कामाला मात्र धानाइतके श्रोते मिळाले नाहीत.

ही मोजणी साध्या साधनांनी होते. जमिनीत चौकट ठोकायची, तिच्यावर बंद पेटी बसवायची आणि ठरावीक मिनिटांनी पिचकारीने आतली हवा काढून तपासायची. मिथेन दर वेळी कमी भरला, तर माती तो घेते आहे. पावसाने मातीची छिद्रे भरली की वायू आत पोचत नाही आणि हा वेग मंदावतो.

नत्राचे खत हा यातला कळीचा मुद्दा. मिथेन फोडणारे विकर अमोनियातही गुंतते, त्यामुळे खत पडले की मिथेन कमी जिरतो. त्याच नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या गवताळ प्रदेशात मोझियर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे दोन्ही परिणाम एकत्र दाखवले. नांगरटीनेही मिथेन जिरवण्याची क्षमता घटते आणि ती परत यायला दशके लागतात.

वनस्पतींचा आणि पहिल्या पावसाचा वाटा थोडक्यात सांगता येतो. तिखाडी गवताचा सुगंध म्हणजे जिरॅनिऑलसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा हवेतला शिरकाव. मृगाच्या पहिल्या सरींनी कोरड्या मातीतले जीवाणू जागे होतात आणि कर्बवायूचा लोट उठतो. मृदा-अभ्यासक बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातीवर ही क्रिया नोंदवली. हिरवी पानेच भरपूर मिथेन सोडतात, या २००६ मधल्या दाव्याने मोठी खळबळ उडाली, पण पुढच्या प्रयोगांत तो टिकला नाही.

गवताळ जमीन म्हणजे पडीक, तिच्यावर झाडे लावली की हवा सुधारते, असे आजही ठासून सांगितले जाते. हे मत चुकीचे आहे. गवताचे अभ्यासक दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्येच द्वीपकल्पाच्या या पट्ट्याला पवन्या-मारवेल वर्गाच्या गवताचा स्वतंत्र प्रदेश मानले होते. गावोगावची राखीव कुरणे मोडली गेली, खड्डे खणून तिथे रोपे लावली गेली आणि मुरमाखाली मुळांनी साठवलेला कर्ब हिशेबातून सुटला. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यातले गवत चितळांसाठी राखले जाते. गावाच्या बरडीलाही तोच न्याय हवा: नांगर नको, युरिया नको, चराई आलटूनपालटून आणि कापणी बी झडल्यावर.