रंधा न चालणारी खिडकी: मापाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात फुगून बसलेली लाकडी खिडकी आपल्यापैकी अनेकांनी तळहाताने ठोकून उघडली आहे. ती बसवताना मापाची फार चिंता कुणी केली नव्हती. झडप अडली की सुतार जागेवरच रंधा काढायचा, दोन हात मारायचा, चार सालपटं खाली पडायची आणि झडप चौकटीत बसायची. भिंत जराशी तिरकी असली तरी लाकूड सांभाळून घ्यायचं.

ॲल्युमिनियम सांभाळून घेत नाही. पट्ट्या कारखान्यात ठरल्या लांबीला कापून येतात, कोपरे तिथेच जोडले जातात, काच त्याच मापाची मागवली जाते. ती टफन केलेली असेल तर नंतर मिलिमीटरभरही कापता येत नाही. प्रयत्न केला तर पूर्ण काचेचे बारीक तुकडे होतात. म्हणून जुन्या लाकडी किंवा लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवताना, त्या नीट बसणार की नाही हे माप घेतलं त्या दिवशीच ठरतं. आपल्या मापाच्या सवयी मात्र अजून लाकडाच्याच आहेत. पुढचे बहुतेक गैरसमज त्यातूनच आले आहेत.

गैरसमज: सूत-दोन सूत इकडेतिकडे चालतं.

वस्तुस्थिती: एका इंचात आठ सूत; म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर आणि दोन सूत सव्वासहा मिलिमीटरच्या वर. ॲल्युमिनियमची चौकट ओपनिंगमध्ये बसवताना प्रत्येक बाजूला साधारण ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा सोडतात. प्रत्येक बाजूला ३ धरले, तर दोन्ही मिळून होतात ६. म्हणजे माप घेताना दोन सूत चुकलं की सोडलेली सगळी जागा संपली. लाकडाच्या कामात जी सवलत होती, तेवढीच इथे पूर्ण शिल्लक असते. म्हणून माप मिलिमीटरमध्येच घ्या आणि मिलिमीटरमध्येच लिहा.

गैरसमज: फूट-इंचात दिलं तरी कारखान्यात समजून घेतात.

वस्तुस्थिती: समजून घेतात, पण कधी कधी वेगळंच. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची रुंदी साडेचार फूट होती. चिठ्ठीवर मी सवयीने ४.६ लिहिलं; मनात होतं चार फूट सहा इंच. कापणाऱ्याने ते दशांश चिन्ह समजून वाचलं. चार फूट सहा इंच म्हणजे १३७१.६ मिलिमीटर आणि ४.६ फूट म्हणजे १४०२ मिलिमीटर. चौकट तब्बल ३० मिलिमीटर मोठी आली. ज्याने कापली त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसरी चूक याहून सहज होते. ‘चार फूट म्हणजे १२००’ असं बोलता बोलता धरलं जातं. प्रत्यक्षात फूट ३०४.८ मिलिमीटरचा, त्यामुळे चार फूट म्हणजे १२१९ मिलिमीटर. १९ मिलिमीटरचा हा फरक नंतर सिलिकॉनने झाकला जात नाही. आकड्यांचा क्रमही ठरलेला असावा: आधी रुंदी, मग उंची. १२०० × ९०० आणि ९०० × १२०० या दोन निरनिराळ्या खिडक्या आहेत.

गैरसमज: एकदा टेप लावला की माप झालं.

वस्तुस्थिती: गवंड्याने हाताने केलेल्या गिलाव्यात कुठे पोट असतं, कुठे खड्डा. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. सहाही आकडे लिहायचे आणि रुंदीतलं सर्वांत कमी, उंचीतलं सर्वांत कमी माप धरायचं. सरासरी काढायची नाही. चौकट सरळ असते, त्यामुळे ती भिंतीच्या सर्वांत पुढे आलेल्या जागीच अडते.

खालच्या दगडाला पाणी बाहेर जाण्यासाठी उतार दिलेला असतो. म्हणून आतल्या कडेवरची उंची आणि बाहेरच्या कडेवरची उंची सारखी भरत नाही. नवा ट्रॅक ज्या रेषेवर बसणार, त्याच रेषेवर उंची घ्यायला हवी.

गैरसमज: तिन्ही रुंद्या सारख्या आल्या, म्हणजे ओपनिंग गुण्यात आहे.

वस्तुस्थिती: हा गैरसमज अनुभवी माणसालाही फसवतो. १५०० रुंद आणि १२०० उंच ओपनिंग घ्या. त्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वर १० मिलिमीटर कलल्या आहेत असं समजा. रुंदी वर, मध्ये, खाली कुठेही मोजा, १५००च भरेल. पण चौकट ओळंब्यात उभी करायची तर तिला १४९० मिलिमीटरच जागा मिळते. १५०० मधून मोकळ्या जागेचे ६ वजा करून १४९४ची चौकट बनवली असेल, तर ती सरळ उभी राहणारच नाही.

हे कर्ण सांगतात. ओपनिंग गुण्यात असतं तर दोन्ही कर्ण १९२१ मिलिमीटर आले असते. या कललेल्या ओपनिंगचा एक कर्ण जवळपास १९२९ आणि दुसरा १९१३ येतो. १० मिलिमीटरचा कल कर्णांच्या फरकात १६ मिलिमीटरचा होऊन दिसतो.

पण नुसते कर्ण सारखे आले म्हणूनही निश्चिंत होऊ नये. ओपनिंग वर अरुंद आणि खाली रुंद, पण दोन्ही बाजूंना सारखंच निमुळतं असेल, तर कर्ण अगदी सारखे येतात. म्हणून तीन-तीन मापं आणि कर्ण दोन्ही हवेत. शेवटी वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून ओळंबा सोडून आणि खाली लेव्हल लावून पाहायचं. ओळंबा, लेव्हल आणि गुण्या यांपैकी एकाचं काम दुसरा करत नाही.

गैरसमज: चौकट घट्ट बसली तर खिडकी जास्त मजबूत.

वस्तुस्थिती: मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. ॲल्युमिनियमचा एक मीटर तुकडा एका अंश सेल्सिअसला साधारण ०.०२३ मिलिमीटर वाढतो. दोन मीटर लांबीच्या पट्टीत तापमानाचा फरक ४० अंश झाला, तर ती १.८ मिलिमीटरच्या आसपास लांबते. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीची काळी चौकट हात लावू देत नाही. तोच हात पहाटे लावून पाहा, म्हणजे हा फरक कळेल. विटांची आणि काँक्रीटची भिंत त्या मानाने निम्म्याहून कमी वाढते. जागाच ठेवली नाही, तर चौकटीला पोट येतं, झडपा अडतात आणि कोपरे उघडतात.

ही जागा वजा करायची कुणी, यावरही गोंधळ होतो. घरमालक ‘सैल असू दे’ म्हणून आधीच १० मिलिमीटर कमी सांगतो. माप घेणारा आपली पद्धत म्हणून आणखी कमी करतो. कापणारा पुन्हा एकदा. खिडकीभोवती बोट जाईल एवढी फट उरते. यावर उपाय साधा आहे. चिठ्ठीवर ‘ओपनिंगचं माप’ की ‘चौकटीचं माप’ हे शब्दांत लिहायचं, आणि वजाबाकी एकदाच, एकाच माणसाने करायची.

गैरसमज: लहान आली तर व्हाइट सिमेंट भरू, मोठी आली तर भिंत तासू.

वस्तुस्थिती: ओलं सिमेंट अल्कलीधर्मी असतं आणि ॲल्युमिनियमला अल्कली सोसत नाही. ॲनोडाइझ केलेल्या पट्टीवर सिमेंट सुकू दिलं, तर डाग पडतात, ते घासून जात नाहीत. शिवाय सिमेंट कडक. चौकट उन्हाने वाढली-आकसली की ते फाटतं आणि त्या भेगेतून जूनच्या पहिल्याच जोराच्या सरीला पाणी आत येतं. सिलिकॉन ताणलं जातं, म्हणून ते वापरतात. पण तेही नेमक्या फटीसाठी असतं. फट जरा रुंद असेल तर आधी फोमची बारीक दोरी, म्हणजे बॅकर रॉड, बसवून मग सिलिकॉन भरतात. इंचभर फट भरणं हे सिलिकॉनचं काम नाही.

तासण्यात धोका जास्त. दोन्ही बाजूंचा गिलावा थोडा उतरवता येतो, पण खिडकीच्या डोक्यावर लिंटेल असतो आणि त्यातल्या सळईवर काँक्रीटचं आवरण सहसा २० ते ३० मिलिमीटरचंच असतं. चौकट बसावी म्हणून छिन्नीने १०-१५ मिलिमीटर उडवलं, तर सळईचं रक्षण करणारा थरच अर्धा होतो. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेत ती सळई गंजायला वेळ लागत नाही. गंज फुगतो, काँक्रीट सुटतं. खिडकी बसली म्हणून आज सुटकेचा श्वास टाकला, तरी घराला कायमची दुखापत झालेली असते. चौकट मोठी आली तर चौकटच बदलावी.

गैरसमज: रुंदी आणि उंची दिली की पुरे.

वस्तुस्थिती: तिसरं माप असतं भिंतीच्या जाडीतल्या जागेचं. दोन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीची चौकट साधारण ६० मिलिमीटर रुंद असते. डासांच्या जाळीसाठी तिसरा ट्रॅक घेतला की ती ९० मिलिमीटरपर्यंत जाते. मागे ग्रिल असेल, तर ग्रिलपासून आतल्या कडेपर्यंत जागा किती, हे मोजल्याशिवाय तीन ट्रॅक ठरवता येत नाही. बाहेर उघडणाऱ्या झडपा घ्यायच्या असतील तर ग्रिल, गॅसची नळी, एसीचं युनिट हे सगळं झडपेच्या वाटेत येतं का, तेही पाहावं लागतं.

गैरसमज: जुनी चौकट मोजली की नव्या खिडकीचं माप मिळालं.

वस्तुस्थिती: जुनी लाकडी चौकट होल्डफास्टने भिंतीत रोवलेली असते आणि तिच्या कडा गिलाव्याखाली गेलेल्या असतात. दिसणारी चौकट लहान, तिच्यामागचं भगदाड मोठं. ती काढताना गिलावाही निघतो. वाळवी लागली असेल तर मागची जागा आणखी मोठी निघते. लांबीने, म्हणजे पुट्टीने, काचा बसवलेल्या जुन्या लोखंडी खिडक्यांचीही गत हीच. म्हणून जुनं काढून, कडा दुरुस्त करून, मगच अंतिम माप घ्यावं.

खिडकीभोवती ग्रॅनाइट किंवा मार्बलची चौकट लावायची असेल, तर ती लागल्यावरच माप. १८ मिलिमीटरचा दगड आणि त्यामागचा मसाला धरला, तर प्रत्येक बाजूला इंचभर जागा जाते. आधी घेतलेल्या मापाचा त्यानंतर काहीच उपयोग उरत नाही.

दाराचंही तसंच. बाल्कनीच्या सरकत्या दाराची उंची जुन्या फरशीवरून घेतली आणि नंतर त्याच फरशीवर नव्या टाइल्स चिकटवल्या, तर टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून १२ ते १५ मिलिमीटर उंची घटते. आधी फरशी, मग दार.

गैरसमज: शेजारच्या फ्लॅटचं माप चालेल, इमारत एकच आहे.

वस्तुस्थिती: नकाशा एक असतो, गवंड्याचा हात प्रत्येक मजल्यावर वेगळा पडतो. एकाच खोलीतल्या दोन खिडक्यांतही फरक सापडतो. प्रत्येक ओपनिंगला क्रमांक द्या आणि प्रत्येकाचं माप स्वतंत्र घ्या.

गैरसमज: टेपचा हुक हलतो, म्हणजे टेप खराब; लेझरने घेतलं, म्हणजे अचूक.

वस्तुस्थिती: हुक त्याच्या जाडीइतकाच, मुद्दाम हलता ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून ओढला की तो पुढे येतो, आतून भिंतीला टेकवला की मागे जातो. दोन्ही वेळा माप बरोबर यावं म्हणून. तो ठोकून घट्ट केला, तर टेप खरोखर बिघडतो. आतल्या मापात चूक होते ती कोपऱ्यात टेप वाकवून अंदाजाने वाचल्यामुळे. डावीकडून एका खुणेपर्यंत, मग उजवीकडून त्याच खुणेपर्यंत मोजून बेरीज करावी. लेझर सोयीचा असतो, पण साध्या उपकरणात दीड-दोन मिलिमीटरची चूक धरलेली असते, आणि चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर तो चुकीचं वाचू शकतो. एक माप टेपने ताडून पाहावं.

हे सगळं नीट करायला एका खिडकीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. माप घेणाऱ्याला ती द्या, त्याच्या शेजारी उभे राहा, ओळंब्याची दोरी धरा. चिठ्ठीवर खिडकीचा क्रमांक, तीन रुंद्या, तीन उंच्या, दोन कर्ण, भिंतीतली जागा आणि झडप कुठल्या बाजूला हे ‘आतून पाहता’ असं लिहून घ्या. दोघांनी सही करा, एक प्रत घरात ठेवा. पूर्वी वाकडी भिंत आणि सरळ झडप यांचा मेळ सुतार रंध्याने घालायचा, खिडकी बसवताना. आता रंधा नाही, तेव्हा तो मेळ या पंधरा मिनिटांतच घालायचा असतो.